मेंदूची गाठ आणि पेशींवरील ग्राही

“मेंदूत गाठ आहे,” असे डॉक्टरांनी सांगताच घरादाराचा धीर सुटतो. कुणी पूर्वकर्माला दोष देतो, कुणी बाहेरची बाधा म्हणतो. भगवान बुद्धांनी दुःखाचे कारण शोधण्यास शिकविले, बाबासाहेबांनी बुद्धीला पटणारा धम्म दिला. म्हणून सभासद बंधू-भगिनींस व विद्यार्थ्यांस या विषयाची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

काही हार्मोन्स अमिनो आम्लांच्या लहान साखळीची बनलेली असतात. ती पेप्टाइड हार्मोन्स. हार्मोन हा निरोप मानला, तर तो स्वीकारणारे पेशीवरील प्रथिन म्हणजे ग्राही. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिला निरोप कळत नाही.

सोमॅटोस्टॅटिन हे असेच 14 अमिनो आम्लांचे हार्मोन. 1973 साली रॉजे गिल्मँ यांच्या प्रयोगशाळेने ते मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून वेगळे केले. पुढे 1977 साली गिल्मँ नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. वाढीच्या हार्मोनला आवर घालणे हे सोमॅटोस्टॅटिनचे एक काम. त्याच्या ग्राहींचे 5 प्रकार आहेत.

निरोगी मेंदूतही हे ग्राही असतात. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या मेनिंजिओमा या गाठीवर मात्र दुसऱ्या प्रकारचे ग्राही फार मोठ्या प्रमाणात आढळतात. सोमॅटोस्टॅटिनसारख्या पदार्थाला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडून शिरेतून दिले, तर तो त्या ग्राहींना चिकटतो आणि पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते.

मग मेंदू का उजळत नाही? कारण रक्त व मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो. हा पदार्थ तो सहसा ओलांडत नाही. मेनिंजिओमा त्या अडसराबाहेर असतो. पिट्यूटरी ग्रंथीही बाहेरच असल्याने ती निरोगी असूनही उजळते. म्हणजे उजळले ते सारे गाठच, असे नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग गाठ की नुसता व्रण, हे ठरविण्यास ही तपासणी उपयोगी पडते. ती प्रत्येक रुग्णास लागत नाही, आधी एम.आर.आय. केला जातो.

बहुतेक मेनिंजिओमा कर्करोगाचे नसतात व सावकाश वाढतात. तेव्हा वाढत जाणारी डोकेदुखी, प्रथमच आलेली फिट, एका बाजूची अशक्तता वा मंदावणारी दृष्टी असेल, तर गंडेदोऱ्यात दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे. दुःखाला कारण असते, आणि कारण कळले तर उपायाची वाट सापडू शकते. ती वाट शोधणारे संशोधक आपल्या वस्त्यांतूनही घडावेत, हीच आमची मंगल कामना.