मेनूकार्डावर नसलेला बर्गर

अमेरिकेतल्या कित्येक हॉटेलांत एखादा बर्गर मेनूकार्डावर कुठेच नसतो. माहीतगार गिऱ्हाइकाने नाव घेतले की मात्र तो बिनबोभाट समोर येतो. ‘सीक्रेट मेनू’ म्हणून त्याचे कितीही कौतुक झाले, तरी तो टिकतो स्वयंपाकघराच्या हिशेबावर. त्याला लागणारे जिन्नस आधीपासून हाताशी असावे लागतात, वेगळे भांडे चढवावे लागता कामा नये आणि मागची रांग खोळंबता कामा नये. या तीन अटींत बसणारा बर्गर फळ्यावर न लागताही वर्षानुवर्षे चालतो. एखादी अट अडली की त्याला मर्यादा पडते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘इन-एन-आउट’. हॅरी आणि एस्थर स्नायडर या दांपत्याने १९४८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये हे दुकान काढले. फळ्यावर आजही मोजकेच पदार्थ आहेत: हॅम्बर्गर, चीजबर्गर, दोन पॅटी आणि दोन चीजचा ‘डबल-डबल’, फ्राइज आणि पेये. गोमांसाची पॅटी गोठवलेली नसते आणि बटाटे दुकानातच चिरले जातात. मेनू आटोपशीर असल्यामुळेच हे जमते. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या फर्माइशी मात्र फळ्याबाहेर वाढत गेल्या.

त्यातली सर्वांत गाजलेली ‘अ‍ॅनिमल स्टाइल’ १९६१ पासूनची. पॅटी तव्यावर असताना तिच्या वरच्या, कच्च्या बाजूला मस्टर्ड फासतात आणि मग ती उलटतात. मस्टर्ड तव्यावर चरचरते, त्यातले पाणी उडते, नाकात जाणारा झणका कमी होतो आणि पॅटीला खमंग, आंबूस थर बसतो. मग बारीक चिरून तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा, काकडीच्या लोणच्याच्या चकत्या आणि नेहमीपेक्षा सढळ हाताने घातलेला गुलाबी सॉस. तवा तोच, पॅटी तीच; वाढतात त्या दोन-तीन हालचाली.

‘प्रोटीन स्टाइल’मध्ये पावाऐवजी लेट्यूसची पाने गुंडाळतात. ‘ग्रिल्ड चीज’मध्ये पॅटीच नसते, मांस न खाणाऱ्यांची, त्यात तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांचीही, त्यावर सोय होते. ‘थ्री-बाय-थ्री’ म्हणजे तीन पॅटी, तीन चीज. हा आकडा फुगवण्याची हौस इतकी वाढली, की २००४ मध्ये लास व्हेगासमध्ये एका टोळक्याने शंभर पॅटी आणि शंभर चीजचा बर्गर करवून घेतला. एकाच ऑर्डरने तवा अडला, तर बाकीच्यांनी करायचे काय? त्यानंतर कंपनीने चार पॅटींवर मर्यादा घातली. यातले गुपित तर कधीच सरले आहे. कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर हे प्रकार ‘फारसा गुप्त नसलेला मेनू’ अशा थट्टेखोर मथळ्याखाली मांडते.

छोट्या हॉटेलांत गणित वेगळे असते. तिथे बर्गर लपवण्यापेक्षा त्याची संख्या बांधून ठेवली जाते. न्यू यॉर्कच्या सोहो भागातले ‘राऊल्स’ हे १९७५ पासूनचे फ्रेंच हॉटेल मिरीच्या सॉसमधल्या स्टेकसाठी ओळखले जाते. तोच सॉस वापरून तिथे बर्गर होऊ लागला, पण रात्री फक्त १२ आणि तेही बारवर बसणाऱ्यांनाच. सॉस हाताशी असला, तरी बर्गरसाठी पाव, चीज आणि पॅटीची वेगळी तयारी लागते. शिवाय स्टेकसाठी नावाजलेले हॉटेल बर्गरचे म्हणून ओळखले जाणे मालकाला परवडत नाही. अटलांटातल्या ‘होलमन अँड फिंच’मध्ये रात्री दहाला भोंग्यावरून पुकारा व्हायचा आणि २४ बर्गर निघायचे. ते हातोहात संपत. टंचाईनेच मागणी वाढली आणि पुढे तोच बर्गर रोजच्या मेनूवर आला. मेनूबाहेरच्या लोकप्रिय पदार्थाचा प्रवास बहुधा असाच होतो.

मालकाला यात दुहेरी लाभ असतो. मेनू आटोपशीर राहिल्याने साठा कमी लागतो आणि नासधूस टळते. शिवाय आपल्याला आतली खबर आहे, या समाधानापोटी गिऱ्हाईक पुन्हा येते आणि येताना चार जणांना घेऊन येते. जाहिरातीचा खर्च तेवढा वाचतो.

मात्र इंटरनेटवर फिरणारा प्रत्येक ‘सीक्रेट’ पदार्थ या व्याख्येत बसत नाही. स्टारबक्समध्ये अशी पेये नावाने मागून भागत नाही. कृती सांगावी लागते, कारण ते नाव कर्मचाऱ्याला माहीत असेलच असे नाही. मॅकडॉनल्ड्सने २०२२ मध्ये अमेरिकेत अशा काही जोडण्या अधिकृतपणे विकल्या. त्यात बीफ, चिकन आणि मासा यांच्या बर्गरची ‘लँड, एअर अँड सी’ ही चळत होती. ती रचायची मात्र गिऱ्हाइकानेच. दुकान फक्त सुटे बर्गर हातात देई. रांग खोळंबू नये, ही तिसरी अट तिथे अशी पाळली गेली.

असा बर्गर मागण्याचा रिवाजही याच अटींतून येतो. गर्दी ओसरल्यावर मागावा, नाव कळले नाही तर कृती थोडक्यात सांगावी, जादा जिन्नसाचे जादा पैसे द्यावेत आणि नकार मिळाल्यास फळ्यावरचे काहीतरी घ्यावे. मेनूबाहेरचा पदार्थ देणे ही हॉटेलची मर्जी असते; तो गिऱ्हाइकाचा हक्क नव्हे.