हिरव्या पानातली नीळ

दक्षिण कॅरोलिना या अमेरिकन राज्याचा अधिकृत रंग आहे इंडिगो, म्हणजे आपली नीळ. नोकरीसाठी इथे आलेल्या आपल्या मंडळींना सहसा याचा पत्ता नसतो. मलाही कापड रंगवण्याचं प्रात्यक्षिक पाहिलं तेव्हाच कळलं.

गंमत म्हणजे निळीच्या पानात निळा रंग नसतोच. असतं ते इंडिकन, रंगहीन. इंडॉक्सिल नावाच्या रेणूला ग्लुकोज चिकटलेलं. पानं पाण्यात भिजत घातली की पानातलंच विकर ती साखर तोडतं. मोकळं झालेलं इंडॉक्सिल हवेतल्या ऑक्सिजनला भेटलं की त्याचे दोन-दोन रेणू जुळतात आणि नीळ तयार होते. म्हणून हौदातलं पाणी ताकासारखं घुसळायचं. खाली बसलेल्या गाळाच्या वड्या करायच्या. युरोपातल्या वोड या झाडात इंडिकनच्या जोडीला इसाटन असतं. शेवटी रंग तोच.

पण ही नीळ पाण्यात विरघळत नाही, मग सुतात शिरणार कशी? पिंपात क्षार घालून ती आंबवतात, तेव्हा ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते. कापड बाहेर काढलं की हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. (कपड्यांना घालायची आपली नीळ वेगळी, तिचा या झाडाशी संबंध नाही.)

1740च्या दशकात एलायझा लुकस या तरुणीनं इथे हे पीक यशस्वी केलं, असं अभिमानानं सांगतात. हौद घुसळणारे हात मात्र गुलाम आफ्रिकनांचे होते, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्यांची आहे. अमेरिका स्वतंत्र झाली, ब्रिटिशांचं अनुदान थांबलं, इथला धंदा बसला. मग गोऱ्या मळेवाल्यांनी बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यांना वेठीला धरलं. 1859चा बंगालातला उठाव आणि 1917चं चंपारण त्यातूनच घडलं. त्याआधीच, 1897 मध्ये, जर्मनीच्या बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली होती. जीन्सवर आज तीच असते, रेणूही तोच.

आपल्याकडे निळीला गुळी म्हणत, ती रंगवणारे ते निराळी. आता आडनावापुरतेच.

इथल्या देशी दुकानात मेंदीशेजारी केसांसाठी निळीच्या पानांची पूड मिळते. कोमट पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा आणि लगेच लावा. मेंदीसारखी रात्रभर भिजवलीत, तर इंडॉक्सिल वाटीतच निळं होऊन बसेल, केसांना काही उरणार नाही.