निळ्या फुलाला काटे कशाला?

उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत जुलै-ऑगस्टमध्ये खडकांच्या कपारीत निळी अफू फुलते. आपल्या खसखशीच्या झाडाची ही चुलतबहीण. पाकळ्या इतक्या पातळ की ऊन आरपार दिसावं, मधोमध पिवळ्याजर्द केसरांचा झुबका. पण नजर जरा खाली न्या. देठ, पानं, कळ्या, बोंडं, सगळीकडे बारीक पिवळसर काटे. हे रोप काही वर्षं नुसती पानं काढतं, हिवाळ्यात बर्फाखाली दडी मारतं, पुंजी साठवतं आणि मग एका उन्हाळ्यात ती सगळी फुलांवर उधळून मरून जातं. आयुष्यात एकदाच फुलायचं, तेही कुणी येऊन चरून गेलं तर? म्हणून काटे. या रोपाच्या अंगावरच लिहिलेलं आहे की इथे खाणारी तोंडं फार जुनी आहेत. भरल आणि थार ही चरणारी रानटी जनावरं तर होतीच, पुढे माणसांमागून मेंढ्याही आल्या.

घाटी चमोली जिल्ह्यात आहे, भ्यूंडार खोऱ्यात. गोविंदघाटहून घांघरिया गाठायचं, तिथून उजवीकडची वाट हेमकुंड साहिब या शीख तीर्थाला जाते आणि डावीकडची फुलांकडे. निम्मं वर्ष सगळं बर्फाखाली. गंमत अशी, की हे बर्फच रोपांचं पांघरूण. वर हवा गोठवून टाकणारी असते, पण जाड थराखालची माती शून्याच्या आसपास टिकते आणि कंदमुळं तग धरतात. हिमस्खलनं उतारावरची झाडं मोडून नेतात, म्हणून तिथे जंगल माजत नाही आणि फुलांना ऊन मिळतं. जूनमध्ये बर्फ हटायला लागलं की पाचशेहून जास्त जातींच्या फुलझाडांची घाई सुरू होते. त्यात गुलाबी तेरडाही आहे, आपल्याकडच्या तेरड्याच्याच कुळातला. तो बिचारा एकवर्षायू. बी रुजण्यापासून नवं बी उडवण्यापर्यंतचा सगळा संसार त्याला तीनेक महिन्यांत उरकायचा असतो.

१९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक इथे उतरला, १९३७ मध्ये पुन्हा येऊन राहिला आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं. तेव्हापासून घाटीचा ‘शोध’ त्याच्या नावावर आहे. भ्यूंडारचे लोक त्याआधीपासून उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, येत होते. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही इतकंच.

त्यांनी नियम मात्र केले होते. बुग्यालात आरडाओरडा करायचा नाही, भडक कपडे घालायचे नाहीत, नाहीतर आछरी, म्हणजे तिथल्या पऱ्या, माणसाला घेऊन जातात. आणि नंदाष्टमीच्या आधी ब्रह्मकमळ तोडायचं नाही. हे ब्रह्मकमळ म्हणजे आपल्या गच्चीत रात्री फुलणारं नव्हे; ते मूळचं अमेरिकेतलं निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. घाटीच्या तळापेक्षाही वर, हेमकुंडाच्या बाजूला ते जास्त दिसतं. ज्याला आपण फूल समजतो ती फिकट पोपटी पानं आहेत, पतंगाच्या कागदासारखी अर्धपारदर्शक. खरी फुलं आत, लहान, जांभळी, गुच्छ करून बसलेली. उन्हाची ऊब आत कोंडली जाते, पाऊस बाहेर राहतो, पराग भिजत नाहीत. चार हजार मीटरवर फुलानं स्वतःसाठी बांधलेली ही खोली!

नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी; तोवर बऱ्याच रोपांचं बी धरलेलं असतं. मग तरुण मुलं अनवाणी वर जातात, ब्रह्मकमळं आणतात आणि नंदादेवीला वाहतात. नंदा म्हणजे पार्वती, या मुलखाची लेक. तिथीकडे लक्ष गेलं का? याच सुमारास आपल्याकडे गौरी माहेरी येतात, आणि कितीतरी घरांत त्या तेरड्याच्या रोपांच्या रूपानं येतात. दोन मुलुख इतके दूर, पण भाद्रपदात लेकीला फुलाच्या सोबतीनं घरी आणायचं दोघांनाही सुचलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

१९८२ मध्ये घाटी राष्ट्रीय उद्यान झाली आणि मेंढ्या बंद झाल्या. २००५ मध्ये ती नंदादेवी उद्यानाच्या जोडीनं जागतिक वारशात गेली. मधल्या काळात एक पाहुणा नव्हे, घरचाच गडी शिरजोर झाला. अमेला नावाची ही वनस्पती इथलीच, पण संधी मिळाली की माणसाच्या उंचीची होते. तिच्या दाट सावलीत बुटक्या रोपांना ऊनच मिळत नाही. काही अभ्यासक म्हणाले, मेंढ्या तिचे कोवळे कोंब खायच्या. त्या गेल्या, म्हणून ही माजली. दुसरे म्हणाले, छे, ती मुळात तुटलेल्या जमिनीची धनीण आहे. दरडी कोसळल्या तिथे आणि मेंढ्यांच्या जुन्या तळांवर, जिथे लेंड्यांचं खत साचलं, तिथेच ती फोफावली. म्हणजे एकाच मेंढीवर दोन उलट आरोप! कासच्या पठाराला कुंपण घातल्यावर आपल्याकडेही गुरं आणि फुलं यांच्यावरून असाच वाद झाला होता. मला दोन्ही बाजू थोड्याथोड्या खऱ्या वाटतात. कमी खाणं, जास्त खाणं आणि अजिबात न खाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंदीच्या हुकमात त्यांच्यासाठी वेगळे रकाने नसतात.

भ्यूंडारच्या लोकांनी मग काम बदललं. खेचरं, ढाबे, यात्रेकरू. त्यांची इको विकास समिती हेमकुंडाच्या वाटेवरचा कचरा उचलते. २०१३ च्या जूनमधल्या पुरानं त्यांचं गाव उद्ध्वस्त केलं, तरी हंगाम आला की ते पुन्हा वर येतात. आणि वनखातं मजूर लावून घाटीतला अमेला उपटून घेतं. पूर्वी मेंढी जे फुकटात खायची, निदान पहिल्या गटाच्या म्हणण्यानुसार, ते आता रोजंदारीवर हातानं काढावं लागतं. काढताना खालचं खोड तुटतं, एखादा तुकडा मातीत राहतो, आणि तेवढ्यावर अमेला पुढच्या जूनमध्ये परत कोंब काढतो.