पत्रा नवा, नंबर जुना

रुमालात लोहचुंबक गुंडाळून जुनी गाडी तपासणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या भागातल्या एका गॅरेजात. समोर डुक्कर फियाट उभी होती. रंग ताजा, तोंड दिसेल असा. कारागिराने चुंबक दारावर टेकवले, चिकटले. मडगार्डवर टेकवले, चिकटले. दाराखालच्या पट्टीवर आणले, तर ते रुमालासकट खाली पडले. तिथे पत्रा उरलाच नव्हता. गंजाने खाल्लेल्या जागेत बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला होता. ‘‘हे सगळं कापून नवीन पत्रा टाकावा लागेल,’’ कारागीर म्हणाला. मालकाने खर्च विचारलाच नाही. त्याने विचारले, ‘‘मग गाडी ओरिजिनल राहील का हो?’’

त्या प्रश्नाला ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने २६ ऑगस्ट २०२५ पासून नवे उत्तर दिले आहे. जुन्या गाडीचे काम ‘जसे होते तसे’ केले, रूप कारखान्यातून निघाल्यासारखेच राहिले आणि नोंदणीपुस्तकातला तपशील बदलला नाही, तर खात्याला कळवण्याची गरज नाही. बांधणीत मोठे फेरफार केले असतील तर कळवायचे, पण तरीही मूळ नंबर टिकू शकतो. तिथल्या हौशी मंडळींनी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि तो समजण्यासारखा आहे. आधी मोठे फेरफार केलेल्या गाडीचे गुण मोजले जात. चासीला किंवा मोनोकॉक बॉडीला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. एकूण ८ भरले नाहीत तर जुना नंबर जायचा आणि गाडीवर ‘क्यू’ अक्षराची पाटी यायची. या गाडीच्या वयाची आणि ओळखीची खात्री नाही, असे जगजाहीर करणारी ती पाटी. वीस वर्षे घाम गाळून उभ्या केलेल्या गाडीच्या कपाळी ती लागली, की मालकाचे काळीज तुटत असे.

या गुणांमध्ये सगळ्यात जड होती ती बॉडी, आणि सगळ्यात आधी सडते तीही बॉडीच. सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. १९५० नंतरच्या बहुतेक मोटारींत वेगळी चासी नसते. पत्र्याची पेटी हाच गाडीचा सांगाडा असतो. दाराखालची पट्टी गेली की गाडी मधून वाकू लागते, दारे लागेनाशी होतात. ब्रिटनची एमजीबी ही अशीच गाडी. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक निघाल्या आणि तिथल्या पावसात, रस्त्यावर टाकलेल्या मिठात त्यांचे पत्रे झिजत गेले. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्यातले मूळ साचे शोधून काढले आणि एमजीबीची संपूर्ण कोरी बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. साचे तेच, माप तेच, फक्त पोलाद नवे. हजार ठिगळे लावण्यापेक्षा जुन्या गाडीचे इंजिन, धुरे, काचा, आसने उचलून या पेटीत बसवणे सोपे झाले. अशा शेकडो गाड्या आज रस्त्यावर आहेत, कारण कुणीतरी त्यांना नवे अंग दिले. त्यांना नकली म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

लबाडी सुरू होते ती याच वाटेवर, दोन पावले पुढे. समजा, अपघातात चक्काचूर झालेली एखादी दुर्मीळ गाडी भंगारात गेली. तिचा पत्रा कुणाला नको असतो. पण नंबराची इवलीशी पाटी आणि नोंदणीपुस्तक यांना गिऱ्हाईक असते. ती पाटी कोऱ्या बॉडीवर ठोकली, की काल जन्मलेली गाडी कागदोपत्री साठ वर्षांची होते. याहून वाईट प्रकारही घडतो. जुनी सडकी बॉडी एका हातात जाते, पाटी दुसऱ्या हातात, आणि काही वर्षांनी एकाच नंबराच्या दोन गाड्या लिलावाच्या दारात उभ्या राहतात. फेरारी २५० जीटीओ अवघ्या ३६ बनल्या. त्यांतली एक २०१८ मध्ये ४.८ कोटी डॉलरला विकली गेली, दुसरी २०२३ मध्ये ५.१ कोटी डॉलरच्या वर गेली. एवढा पैसा ज्या नंबरावर अवलंबून असतो, तो नंबर कोरलेला धातू मात्र तळहातात मावतो.

मग खरी गाडी म्हणजे नेमके काय? या प्रश्नावर आजवर जेवढे लिहिले गेले, त्यात मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो १९९० सालचा लंडनमधला एक निकाल. खटला ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलेचा होता. स्पीड सिक्स जातीची ही गाडी. १९२९ मध्ये वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी, १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तिच्यावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. एकाच गाडीने लागोपाठ दोन वर्षे. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवले गेले. त्याच वर्षी ब्रूकलँड्सच्या शर्यतीत ती कठड्यावरून उडाली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. गाडी पुन्हा उभी केली गेली आणि तिच्यावर बंद कूपे बॉडी चढली. पुढे साठेक वर्षांनी एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घ्यायचे ठरवले आणि मग पाय मागे घेतला. म्हणणे असे, की ल मान्स जिंकलेल्या गाडीचे यात उरलेच काय?

न्यायमूर्ती ऑटन यांनी तज्ज्ञांकडून एकेका तुकड्याची साक्ष काढली. १९२९ च्या गाडीतले जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते, हे त्यांनी मान्य केले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. ‘मूळ जशीच्या तशी’ हा शब्द या गाडीला लागू नाही, पण ‘अस्सल’ हा शब्द लागू आहे, असा त्याचा सार. कारण ही गाडी कधी एकदम नाहीशी होऊन दुसरीकडे नव्याने जन्मली नाही. शर्यतीगणिक, अपघातागणिक ती बदलत गेली, पण बदलणारी गाडी प्रत्येक वेळी तीच होती, आणि त्या प्रवासात खंड पडल्याचे कुणाला दाखवता आले नाही. निकालाने पत्रा वजनकाट्यावर तोलला नाही. त्याने गाडीचे चरित्र वाचले. आणि ते वाचता आले, कारण ते लिहिलेले होते. कारखान्याच्या नोंदी होत्या, शर्यतीच्या नोंदी होत्या, छायाचित्रे होती.

आपल्याला हा विचार परका वाटायचे कारण नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर सोळाव्या शतकात मालोजीराजे भोसल्यांनी पुन्हा बांधले, अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी पुन्हा बांधले. ते देऊळ नकली आहे असे कुणी म्हणत नाही. आपल्याकडे त्याला स्वतंत्र, मानाचा शब्द आहे, जीर्णोद्धार. पण जीर्णोद्धार करणारा आपले नाव आणि शक भिंतीत कोरून ठेवतो. हे काम माझ्या हातचे, अमुक साली झालेले, असे तो उघड सांगतो. त्या शिलालेखामुळे जुन्याची आणि नव्याची फारकत कळते आणि दोघांचाही मान राहतो.

शिलालेख नसला की काय होते, ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दिसले. एका गृहस्थाने १९५९ ची शेवरोले कॉर्व्हेट घेतली आणि २०१७ मध्ये तपासणीला नेली. आधी कुणीतरी गाडीचे काम करताना नंबराची पाटी काढून पुन्हा बसवली होती आणि तिचे रिव्हेट कारखान्याचे नव्हते. गाडी चोरीची नव्हती, नंबर खोटा नव्हता. तरी पोलिसांनी ती जप्त केली आणि तिथल्या कायद्याप्रमाणे ती नष्ट करायची वेळ आली. २०२२ मध्ये राज्याने कायदाच बदलला, जुन्या गाडीच्या कामासाठी पाटी काढायला मुभा दिली, तेव्हा कुठे गाडी वाचली. अमेरिकेचा केंद्रीय कायदाही नंबर काढणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो, दुरुस्तीसाठी आवश्यक असेल तेवढीच सूट देतो. चोरांना धाक हवाच. पण प्रामाणिक कारागिराला आपल्या कामाची नोंद करायला जागाच नसेल, तर त्याचे काम आणि चोराचे काम सारखेच दिसणार.

आकाराच्या मालकीचा प्रश्न वेगळा, तोही हल्ली तापला आहे. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओचा आकार ही कलाकृती मानली आणि तिच्या नकलेला अटकाव केला. उलट, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ या चित्रपटांतल्या ‘एलेनॉर’ मस्टँगला कॉपीराइट नाकारला. याच न्यायालयाने २०१५ मध्ये बॅटमोबाइलला तो दिला होता. भारतात डिझाइनची नोंदणी जास्तीत जास्त १५ वर्षे चालते. नोंदणीयोग्य असून न नोंदवलेल्या डिझाइनची वस्तू हक्कदाराने यंत्राने पन्नासहून अधिक वेळा बनवली, की त्यातला कॉपीराइट संपतो. या हिशेबाने डुक्कर फियाटचा पत्रा पुन्हा घडवणाऱ्याला आकाराच्या मालकीची धास्ती बाळगायचे कारण दिसत नाही. कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह यांची गोष्ट निराळी.

खुद्द कारखानेही आता आपल्याच गाड्या पुन्हा बनवतात. १९५७ मध्ये ब्राउन्स लेन कारखान्याच्या आगीत जॅग्वारच्या नऊ एक्सकेएसएस गाड्या जळाल्या होत्या. २०१६ मध्ये कंपनीने त्या नऊ पुन्हा बनवायचे जाहीर केले. त्यांना ‘कंटिन्यूएशन’ म्हणतात आणि त्या कधीच्या हे कुणी लपवत नाही. अमेरिकेतही २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ प्रतिकृती विकायला परवानगी दिली. अट अशी, की ही प्रतिकृती आहे आणि ती कोणत्या सालच्या गाडीची आहे, हे सांगणारी कायमची पट्टी गाडीवर हवी. मला हा मार्ग सरळ वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे आली, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांची मुदत. फार दिवसांची मागणी पुरी झाली. पण व्याख्या म्हणते, गाडी मूळ रूपात हवी, तिची मोठी दुरुस्ती झालेली नसावी आणि त्यात चासी, बॉडी शेल किंवा इंजिनातले फेरफार येतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली डुक्कर फियाट घ्या. तिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. मुंबईच्या साठ पावसाळ्यांनंतर तिच्या फ्लोअरला पत्रा लागलेला नाही असे होणारच नाही. मग तो जोडलेला पत्रा म्हणजे दुरुस्ती की फेरफार? कडक अर्थ लावला तर गाडीवर मनापासून खर्च करणारा मालक अपात्र ठरतो आणि लांबी भरून रंग मारणारा पात्र. चुंबक कुणी लावून पाहत नाही.

म्हणून मला ब्रिटनचा नवा नियम आणि आपला नियम एकाच जागी लंगडे वाटतात. त्यांनी दुरुस्तीला मोकळीक दिली, पण कळवण्याची गरज काढून टाकताना नोंदही गेली. तीस वर्षांनी कुठल्या गाडीची पेटी १९६५ ची आणि कुठलीची २०२५ ची, हे कोण सांगणार? आपण शुद्धता मागितली, जी कुठल्याच चालत्या जुन्या गाडीत नसते, आणि तिच्यापायी लपवायला शिकवले. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिच्या तूरिन सनदेने कधीचेच सांगून ठेवले आहे, की बदललेल्या भागांवर टिकाऊ, ओळखता येईल अशी खूण करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. आपल्या परिवहन खात्याने व्हीए नोंदणीच्या फायलीत एक जादा पान घालावे. कोणता पत्रा बदलला, केव्हा, कुणी, छायाचित्रासह. पान भरलेल्याला दर्जा द्यावा आणि खोटे भरणाऱ्याला शिक्षा. याला नवे खाते लागत नाही.

त्या गॅरेजातला कारागीर हे आधीपासून करत होता. पट्टी कापून काढल्यावर त्याने तो सडका, जाळी झालेला तुकडा फेकला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर पेनने तारीख घातली आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर डिकीत ठेवून दिला. ‘‘कोणी विचारलं तर दाखवा,’’ तो मालकाला म्हणाला. तो तुकडा अजून डिकीत आहे. त्याच्याबद्दल अजून कोणी विचारलेले नाही.