फायब्रोमायल्जिया: उपचारांची सूत्रे एका हाती, रोजची काळजी तुमच्या हाती

"डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग अंग का दुखतं?" असे विचारणाऱ्या रुग्णाच्या हातात बहुतेक वेळा जाड फाइल असते. हाडांच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी, पोटाच्या डॉक्टरांची दुसरी, झोपेच्या गोळ्यांची तिसरी. घरचे म्हणतात, "मनावर घेऊ नकोस." तुमचा अनुभव असाच असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. रिपोर्ट नॉर्मल असले तरी तुमची वेदना खरी आहे.

हा आजार नेमका काय?

फायब्रोमायल्जियामध्ये सांधे झिजत नाहीत आणि स्नायूंना सूज येत नाही. बदल होतो तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. साधा स्पर्श किंवा हलका दाबही मेंदूला जास्त तीव्र जाणवतो. तीन महिन्यांहून अधिक काळ शरीराच्या अनेक भागांत दुखणे, सतत थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि लक्ष न लागणे ही मुख्य लक्षणे आहेत. डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, उदासपणा हेही सोबत असू शकते. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त असले तरी पुरुषांनाही हा आजार होतो.

निदान कसे होते?

यासाठी कोणतीही एक रक्ततपासणी नाही. १९९० च्या निकषांत शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. २०१० च्या निकषांत ही अट काढून वेदना किती भागांत आहे आणि थकवा, झोप, स्मरण यांवर किती परिणाम झाला आहे, याला महत्त्व दिले गेले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईएसआर यांसारख्या तपासण्या केल्या जातात, त्या मुख्यतः तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार शोधण्यासाठी. एकदा निदान पक्के झाले की त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते.

एक डॉक्टर मुख्य ठेवा

हा आजार अनेक तज्ज्ञांच्या दारात नेतो आणि तिथेच गोंधळ होतो. उदाहरणार्थ, एका डॉक्टरांनी वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन दिले आणि दुसऱ्यांनी, ते माहीत नसताना, ट्रॅमाडॉल लिहिले, तर या दोन औषधांच्या एकत्र परिणामाने धोका होऊ शकतो. प्रीगाबालिनसोबत झोपेची गोळी घेतल्यास जास्त गुंगी येऊन पडण्याची भीती असते.

म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा संधिवाततज्ज्ञांना मुख्य डॉक्टर माना. फिजिओथेरपिस्ट व्यायाम ठरवतील, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ ताण, झोप आणि उदासपणावर काम करतील. पण सगळ्यांचे सल्ले मुख्य डॉक्टरांकडे एकत्र यायला हवेत. सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहा. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्याही असू द्या. प्रत्येक भेटीत तो कागद दाखवा.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही. त्या रोज घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. स्टिरॉइडचाही यात उपयोग नाही. काहींना अमिट्रिप्टिलिनसारखे औषध कमी मात्रेत दिल्याने बरे वाटते, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करावे.

तुम्ही रोज काय करू शकता?

व्यायाम: या आजारात सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे. पाच-दहा मिनिटे सावकाश चालण्यापासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवा. सुरुवातीला थोडे जास्त दुखेल. त्याचा अर्थ इजा झाली असा नाही. फार दुखले तर वेळ कमी करा, पण चालणे सोडू नका.

कामाची विभागणी: बरे वाटले की एकाच दिवशी दिवाळीची सगळी साफसफाई उरकायची आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र थांबवा. एका दिवशी एकच कपाट आवरा. दमण्याआधी बसा.

झोप: रात्री कितीही वाजले तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा आणि मोबाइल अंथरुणापासून दूर ठेवा.

नोंद: रोज वेदना शून्य ते दहापैकी किती, झोप कशी, काय काम केले, एवढेच लिहा. महिनाभराची नोंद पाहून उपचार बदलणे सोपे जाते.

घरच्यांसाठी

"दिसायला तर ठणठणीत आहेस" हे वाक्य टाळा. सगळी कामे काढूनही घेऊ नका. "आज कुठलं काम मी करू?" एवढे विचारा आणि संध्याकाळी सोबत चालायला जा.

डॉक्टरांकडे लवकर कधी जावे?

सांध्यांवर सूज, ताप, कारण नसताना वजन घटणे, हातापायांतील ताकद कमी होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ही फायब्रोमायल्जियाची लक्षणे नाहीत. "याला फायब्रो आहेच" म्हणून ती अंगावर काढू नका. जगणे नकोसे वाटत असेल तर लगेच घरच्यांना सांगा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला.

हा आजार एका गोळीने पूर्ण बरा होत नाही, पण तो सांधे खराब करत नाही आणि त्याने जिवाला थेट धोका नसतो. पुढच्या भेटीला जाड फाइलसोबत औषधांचा तो एक कागद आणि महिन्याची नोंद घेऊन या. उपचार तिथून सुरू करता येतील.