यंदाची काडी, गेल्या वर्षीची काडी

न्यू जर्सीतल्या आमच्या डेकवर मिरची, मेथी आणि थंडीत घरात घ्यावा लागणारा कढीपत्ता यांच्या रांगेत ब्लॅकबेरीच्या दोन कुंड्या आहेत. पाहुणे विचारतात, ‘फळं किती मिळतात?’ नवख्याने विचारायचा प्रश्न दुसराच आहे: यातली यंदाची काडी कोणती आणि गेल्या वर्षीची कोणती? तेवढं ओळखता आलं की बाकी उस्तवार फारशी जड नाही.

ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, काडीचं आयुष्य मात्र दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि वाळून जाते. नाशिककडच्या माणसाला हे लवकर उमगेल. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी काडी घडवण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. इथे तेच दोन टप्पे दोन वर्षांत पडतात. गंमत अशी, की एकाच कुंडीत दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात.

ओळखायचं कसं? पानं मोजावीत. यंदाच्या हिरव्या, रसरशीत काडीवर एका देठाला बहुधा पाच पर्णिका असतात. फळाला आलेल्या जुन्या काडीच्या आडव्या फुटव्यांवर बहुतेक तीनच. जुनीची साल तपकिरी आणि राठ झालेली असते, फळं तोडल्यावर मागे राहिलेले वाळके देठही दिसतात. तोडणी संपली की अशी काडी मातीलगत कापायची. पण अख्खी काडी वरून ओढून काढायला जाऊ नये. ती नव्या काडीत अडकलेली असते आणि ओढताना नवीचा कोवळा शेंडा मोडतो. वरून वीतभराचे तुकडे करत खाली यावं. वेळ लागतो, लागू द्यावा.

नवी काडी कमरेएवढी झाली की तिचा शेंडा दोन बोटांनी खुडायचा. मग पानांच्या बेचक्यांतून आडवे फुटवे निघतात. मार्चच्या सुमारास, कळ्या फुगण्याआधी, हे फुटवे दीड फुटावर आखडते घ्यायचे. पुढच्या उन्हाळ्याचं फळ त्यांच्यावरच येणार असतं.

माझी एक कुंडी ‘ट्रिपल क्राउन’ची. बिनकाट्याची आहे, पण काड्या लांबलचक, म्हणून बांबू आणि तार हवीच. ऑगस्टअखेर तिचं एक टोक शेजारच्या मिरचीच्या कुंडीत टेकलं आणि तिथे मुळं धरून बसलं! या जातीची ही खोडच. दुसरी ‘प्राइम-आर्क फ्रीडम’, आर्कान्सा विद्यापीठाने २०१३ मध्ये आणलेली. हिची यंदाची काडीही शेंड्याकडे फळते. हिशेब नको असेल त्याने हिवाळ्याच्या अखेरीस सगळ्या काड्या जमिनीलगत कापाव्यात. मग उन्हाळ्याचं पीक बुडतं आणि उशिराच्या फळांना ऑक्टोबरातलं दहिवर गाठतं. मला हा सौदा पटत नाही.

कुंडी अठरा-वीस इंच रुंद आणि तेवढीच खोल असावी, तळाला भोकं असावीत. अंगणातली माती भरू नये, ती कुंडीत घट्ट बसते. किंचित आम्ल मिश्रण, सामू साडेपाच ते साडेसहा, या झाडाला मानवतं. जुलैत रोज पाणी, पण ताटलीत साचू देऊ नये. ऑगस्टनंतर खत बंद, नाहीतर उशिरा फुटलेले कोवळे कोंब थंडीने करपतात.

खरी परीक्षा जानेवारीत. जमिनीतल्या मुळांना मातीची ऊब असते, कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी गारठा. म्हणून कुंडी हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवायची आणि माती कोरडी ठणठणीत झाली तर थोडं पाणी द्यायचं. उबदार दिवाणखान्यात मात्र आणू नये. बहुतेक जातींना नीट फळण्यासाठी सात अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते. मुंबई-ठाण्याच्या गच्चीवर रोप पानांनी भरेलही, पण ही थंडी कुठून आणणार?

तोडणीत घाई नडते. फळ काळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. चकाकी जाऊन ते मंद काळं दिसलं आणि हलक्या हाताने सुटलं की तयार. रास्पबेरी पोकळ सुटते, ही मधल्या गाभ्यासकट येते. तोडल्यावर ती आणखी पिकत नाही, त्यामुळे आंबट तोडली ती आंबटच राहते. शिवाय ठिपकेदार पंखांची एक बारीक माशी पिकत्या फळात अंडी घालते. तिच्यावर सोपा उपाय म्हणजे एक-दोन दिवसांआड तोडणी आणि फळं लगेच फ्रिजमध्ये.

परागीकरणासाठी दोन झाडं हवीत, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ब्लॅकबेरी स्वतःच्याच परागांवर फळते, मधमाश्या तेवढ्या यायला हव्यात. पहिल्या वर्षी बिनकाट्याचं, ताठ वाढणारं एकच रोप घ्या आणि त्या उन्हाळ्यात फळाची आशा धरू नका.