सरकार जेव्हा लासलगावचा कांदा विकत घेते

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळपासून ट्रॅक्टर व पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका वाहनापुढे थांबून क्विंटलमागे भाव पुकारतात आणि काही क्षणांत शेतकऱ्याच्या काही महिन्यांच्या श्रमाचे मोल ठरते. १९४७ साली स्थापन झालेली ही समिती आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. गेल्या काही वर्षांत या परिसरात आणखी एक मोठे गिऱ्हाईक उतरले आहे, ते म्हणजे केंद्र सरकार.

२०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत उन्हाळ कांदा विकत घेतला जातो, साठविला जातो आणि शहरांत भाव चढले की बाजारात सोडला जातो. २०२२-२३ मध्ये अडीच लाख टन, तर २०२४-२५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार टन कांदा अशा रीतीने घेण्यात आला. एवढी मोठी खरेदी करणाऱ्याने केवळ स्वस्त माल पाहावा काय? २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या बाराव्या उद्दिष्टात सरकारी खरेदीचा स्वतंत्र उल्लेख आहे. सार्वजनिक पैशाने वस्तू घेताना ती पिकविणाऱ्याला काय मिळाले आणि किती माल वाया गेला, हेही पाहावे, असा त्याचा साधा अर्थ होय.

पहिला प्रश्न पैसा कोणाच्या हाती पडतो हा आहे. या संस्था बहुधा थेट लिलावात न उतरता शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी महासंघांकरवी कांदा घेतात. व्यापाऱ्यांकडील स्वस्त कांदा शेतकऱ्यांच्या नावावर सरकारला विकला जातो, अशा जाहीर तक्रारी शेतकरी संघटनांनी २०२४ मध्ये केल्या. मधल्या साखळीत कोण आहे हे दिसत नसेल, तर वरून दिलेला चांगला भावही बांधापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा प्रश्न नासाडीचा. चाळीतला कांदा वजनात घटतो, सडतो, पावसाळ्यानंतर त्याला कोंब फुटतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावातच 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. गॅमा किरणांमुळे कोंब येणे थांबते; सडणे मात्र थांबत नाही, त्यासाठी हवेशीर चाळ व नीट सुकविलेला मालच लागतो. (गंमत अशी की कांद्यासाठी उभारलेले हे केंद्र २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यांमुळे अधिक गाजले.)

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. खरेदीदार सरकार आणि परदेशचे दार बंद करणारे सरकार एकच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविण्यात आले. जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. मग २,४१० रुपये क्विंटल दराने दोन लाख टन जादा खरेदी जाहीर झाली. डिसेंबरमध्ये तर निर्यातच थांबली, ती मे २०२४ पर्यंत. सरकार ज्या भावाने घेते तो भाव त्याच्याच निर्णयाने घसरलेला असेल, तर त्या व्यवहाराला न्याय्य म्हणणे अवघड आहे. परदेशी ग्राहकही दुरावतो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितल्याचे हसत हसत ऐकविले होते. पुढच्याच वर्षी पुन्हा बंदी आली आणि कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क उठले आहे. सरकारी केंद्रावर माल देणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर कांद्याची पीकनोंद आहे ना, हे आधी पाहावे, वजनाची पावती आपल्याच नावाची मागून घ्यावी आणि रक्कम स्वतःच्याच बँक खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. कोणी केवळ सातबारा व आधारकार्डाची प्रत मागत असेल आणि कांदा मागत नसेल, तर ती देऊ नये.